वैद्यांचे प्रशिक्षण आणि संशोधनाचा पुरावा : वढू बुद्रुकच्या निमित्ताने

आयुर्वेद पदवीधरांच्या कोणत्याही परिसंवादाची कार्यक्रमपत्रिका पाहावी. धन्वंतरीपूजन, दीपप्रज्वलन, मान्यवरांचे स्वागत, एखाद्या औषध कंपनीचे प्रायोजकत्व, दोन-तीन तज्ज्ञांची व्याख्याने, भोजन, पुन्हा एक व्याख्यान आणि अखेरीस प्रमाणपत्रांचे वितरण, असा तिचा क्रम ठरून गेलेला आहे. पूर्वी फळा होता, नंतर पडद्यावरील चित्रपट्टिका आल्या आणि २०२० च्या महामारीनंतर हेच व्याख्यान भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घरबसल्या ऐकता येऊ लागले. साधन बदलले, मूळ पद्धती मात्र तीच राहिली. एकाने बोलावे आणि शंभरांनी ऐकावे.

अशा कार्यक्रमांतून स्नेह वाढतो, नवे विषय कानी पडतात, हे आम्हांस मान्य आहे. तथापि प्रशिक्षणाचा खरा प्रश्न निराळा आहे. रविवारी व्याख्यान ऐकून आलेल्या वैद्याच्या चिकित्सालयात सोमवारी काय बदलते? त्याच्या रुग्णास त्याचा काय लाभ होतो? हा प्रश्न केवळ मतमतांतराचा नाही. गेल्या काही दशकांत जगभर त्याची मोजणी झालेली आहे आणि तिच्यातून निघालेले निष्कर्ष आपल्या नित्याच्या पद्धतीस फारसे अनुकूल नाहीत. त्या निष्कर्षांचा परिचय करून देणे आणि आपल्या संहितांच्या प्रकाशात त्यांचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

वढूचा वारसा

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रात मात्र या गावाचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संचालिका डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. शहरातील रुग्णालयाने रुग्णाची वाट पाहत न बसता खेड्यात जावे आणि खेड्यातीलच स्त्रियांना आरोग्याचे प्राथमिक काम शिकवावे, ही त्यामागील भूमिका होती. १९९३ साली डॉ. कोयाजी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात या कार्याचा मोठा वाटा होता.

ऑगस्ट २००२ मध्ये याच ठिकाणी दुसरा महत्त्वाचा उपक्रम सुरू झाला. परिसरातील २२ गावांतील प्रत्येक कुटुंबाची नोंद घेऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सातत्याने मोजणी करणारी लोकसंख्या व आरोग्य निरीक्षण यंत्रणा के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू येथे उभारली. आफ्रिका व आशियातील अशाच केंद्रांच्या 'इनडेप्थ' या जाळ्याशी हे केंद्र जोडले गेले.

प्रशिक्षणाच्या चर्चेत या यंत्रणेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांवर करावे, असे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडले. प्रशिक्षणार्थीस कार्यक्रम आवडला काय, ही पहिली पायरी. तो काही शिकला काय, ही दुसरी. त्याचे प्रत्यक्ष वर्तन बदलले काय, ही तिसरी. आणि त्या बदलाचे अंतिम फळ मिळाले काय, ही चौथी. आपण बहुधा पहिल्या पायरीवर थांबतो. 'कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला' असे जे आपण वृत्तान्तात छापतो, ते उपस्थितीवरून आणि टाळ्यांवरून. आरोग्यसेवकांच्या बाबतीत चौथी पायरी म्हणजे गावातील आजार आणि मृत्यू. ते मोजायचे तर गावात कोण जन्मले आणि कोण वारले याची खात्रीलायक नोंद हवी. वढूसारख्या ठिकाणी ती ठेवली जाते, म्हणून तेथे एखाद्या उपक्रमाचे फळ हजेरीपटाऐवजी लोकांच्या आयुष्यात शोधता येते.

अल्पशिक्षित हातांनी घडविलेले

प्रशिक्षण चौथ्या पायरीपर्यंत पोहोचू शकते, याचे दोन दाखले महाराष्ट्रातच आहेत.

पहिला जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला जमत, गावात आठवडाभरात आलेल्या अडचणी सांगत, त्यांवर चर्चा होई, थोडे नवे शिकवले जाई आणि त्या पुन्हा गावी जात. शिकणे एकदाच उरकून टाकायचे नव्हते. ते वर्षानुवर्षे थोडे थोडे चालत राहिले.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास कोंडल्यास उपाय करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे, इतके काम त्या शिकल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. पुढे २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींची देशव्यापी योजना आखली, तिचा पाया हाच होता.

या दोन्ही ठिकाणी मोठी सभागृहे नव्हती, की भारी यंत्रेही नव्हती. निश्चित आणि मोजके कौशल्य, ते हाताने करवून घेणे, ठरावीक अंतराने उजळणी आणि कामाच्या जागी जाऊन केलेले पर्यवेक्षण, एवढ्याच गोष्टी होत्या. नेमक्या याच गोष्टी जगभरच्या अभ्यासांतून पुढे आल्या आहेत.

व्याख्यानाचे बळ आणि मर्यादा

डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणावरील प्रयोगांचा आढावा घेतला. केवळ व्याख्यानाने डॉक्टरांच्या प्रत्यक्ष व्यवहारात बदल होत नाही. चर्चा, सराव, रुग्णवृत्तांवर विचार यांची जोड दिली तर होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा शैक्षणिक सभांमुळे व्यवहारात मध्यमानाने सुमारे ६ टक्क्यांची सुधारणा दिसली. व्याख्यान आणि सहभाग यांचा मेळ घातलेल्या सभा अधिक परिणामकारक ठरल्या. गुंतागुंतीच्या सवयी बदलण्यास मात्र सभा अपुऱ्या पडल्या. विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांत अनुत्तीर्ण होण्याची शक्यता, वर्गात स्वतः काही करणाऱ्यांच्या तुलनेत, दीडपट आढळली.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आरोग्यसेवकांविषयी रो व सहकाऱ्यांचा २०१८ सालचा आढावा आपल्या अधिक उपयोगाचा आहे. व्यावसायिक आरोग्यसेवकांना केवळ छापील माहिती दिली किंवा केवळ तंत्रज्ञानाचे साधन दिले, तर त्यांच्या कामातील सुधारणा जवळजवळ शून्य, म्हणजे मध्यमानाने एक-दीड टक्केबिंदू एवढीच होती. केवळ प्रशिक्षण किंवा केवळ पर्यवेक्षण यांनी ती सुमारे १० ते १६ टक्केबिंदूंपर्यंत गेली. प्रशिक्षण आणि पर्यवेक्षण एकत्र आले, तेव्हा ती १८ च्या आसपास पोहोचली. शिकवून सोडून देणे आणि शिकवून मागे उभे राहणे, यांत हा फरक आहे.

भारतातील एक प्रयोगही लक्षात घेण्याजोगा आहे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या ३०४ ग्रामीण चिकित्सकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडून नऊ महिन्यांत एकूण १५० तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर रुग्णाचे सोंग घेतलेल्या व्यक्ती त्यांच्याकडे पाठवून चिकित्सेची परीक्षा घेण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात योग्य चिकित्सेचे प्रमाण ७.९ टक्केबिंदूंनी वाढले. परंतु अनावश्यक औषधे देण्याची सवय तशीच राहिली. ज्ञान वाढले, तरी ज्या सवयीशी अर्थार्जन आणि रुग्णाची अपेक्षा निगडित आहे, ती ज्ञानाने आपोआप सुटत नाही. पदवीधर म्हणून आपण या प्रयोगाकडे परकेपणाने पाहू नये. अनावश्यक औषधयोजनेचा मोह पदवी पाहून येत नाही.

स्मृतीचे शास्त्र

शिकलेले टिकावे कसे, याचा शोध १८८५ साली हर्मान एबिंगहाउस यांच्या ग्रंथापासून चालू आहे. त्यातून दोन गोष्टी वारंवार सिद्ध झाल्या. एक, तेवढाच वेळ एका बैठकीत घालविण्यापेक्षा अंतराअंतराने विभागल्यास विषय अधिक टिकतो. दोन, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक फलदायी असते.

रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, तो मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे सरस ठरले. ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६ टक्के मजकूर होता, दोनदा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. यातील मर्म असे की, ज्या पद्धतीने 'आपल्याला आले' असे तत्काळ वाटते, ती पद्धती दीर्घकाळ टिकणारी असतेच असे नाही. कार्यक्रम संपताच घेतलेल्या अभिप्रायावर म्हणूनच विसंबू नये. डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणे आणि अंतराने सराव करणे या दोहोंना त्यांनी वरचा क्रम दिला, तर पुनर्वाचन आणि ओळी रंगविणे यांना खालचा.

पाठांतर आणि आवृत्ती यांवर उभ्या असलेल्या आपल्या परंपरेस यात नवल वाटू नये. गुरूसमोर पुस्तकाविना म्हणून दाखविणे हे आठवून पाहणेच होते.

हाताच्या कौशल्यासही हाच नियम लागू आहे. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाचे पुनरुज्जीवन शिकविणारा 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम २०१० पासून अनेक देशांत वापरला गेला. एकदा शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरते आणि कामाच्या जागी थोडा थोडा, पण वारंवार केलेला सराव ते टिकवून धरतो, असा अनुभव त्यातून आला.

तंत्रज्ञान : वाहन आणि माल

तंत्रज्ञानाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना ते सर्वरोगहर वाटते, काहींना गुरुशिष्य परंपरेचे शत्रू. पुरावा दोघांच्याही बाजूचा नाही. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ सालीच असे प्रतिपादन केले होते की, माध्यम हे माल वाहून नेणाऱ्या वाहनासारखे आहे. पोषण मालाने होते, वाहनाने नव्हे. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला, तरी त्यातील सार टिकून आहे. आरोग्यशिक्षणातील आंतरजालाच्या वापरावरील २०१ अभ्यासांचा आढावा कुक व सहकाऱ्यांनी २००८ साली घेतला. काहीच न शिकविण्याच्या तुलनेत आंतरजालावरील शिक्षणाचा लाभ मोठा होता. परंतु नेहमीच्या शिक्षणाशी तुलना करता दोहोंत फारसा फरक नव्हता.

मग तंत्रज्ञानाचा उपयोग कोठे? जेथे ते चांगल्या पद्धतीस दूरवर नेते, तेथे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली 'इको' हा उपक्रम सुरू केला. दूरच्या खेड्यांतील चिकित्सक ठरावीक दिवशी दृक्‌श्राव्य माध्यमातून एकत्र येत, आपले रुग्ण मांडत आणि तज्ज्ञांशी चर्चा करत. हिपेटायटिस सी या व्याधीत अशा ग्रामीण चिकित्सकांचे यश ५८.२ टक्के आणि विद्यापीठ रुग्णालयाचे ५७.५ टक्के, म्हणजे तुल्यबळ होते, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. येथे पडदा केवळ वाहन होता. माल होता तो स्वतःच्या रुग्णावर केलेला विचार. जामखेडच्या बैठकीचेच ते दुसरे रूप म्हणता येईल.

दोन लोकप्रिय समज

प्रशिक्षकांच्या चित्रपट्टिकांत एक त्रिकोण हमखास दिसतो : मनुष्य वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, स्वतः केलेले ९० टक्के लक्षात ठेवतो. एडगर डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या मूळ शंकूत असे आकडेच नव्हते; ते मागाहून कोणीतरी चिकटविले. त्यांस संशोधनाचा आधार नाही.

दुसरा समज असा की, कोणी 'पाहून' शिकणारा, कोणी 'ऐकून' शिकणारा असतो आणि त्यास तसेच शिकवावे. पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ साली हा दावा तपासला असता त्यास पुरेसा पुरावा आढळला नाही. आपल्याकडे याच धर्तीवर प्रकृतीनुसार अध्यापनाची कल्पना मांडली जाते. वातप्रकृती लवकर ग्रहण करते आणि लवकर विसरते, असे वर्णन चरकसंहितेत आहे, हे खरे. परंतु त्यावरून अध्यापनाची पद्धती बदलल्यास लाभ होतो, हे स्वतंत्रपणे तपासावे लागेल. विषय संशोधनास उत्तम आहे. सिद्धान्त म्हणून सांगण्यास अद्याप नाही.

संहितांनी दाखविलेला मार्ग

चरकाचार्यांनी विमानस्थानात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. यांतील एकही निव्वळ श्रवणाचा नाही, हे लक्षात घ्यावे. अध्ययनात आवृत्ती आहे, अध्यापनात आठवून मांडणे आहे, संभाषेत प्रश्न आणि प्रतिवाद आहे. वैद्याच्या चार गुणांतही शास्त्रज्ञानाच्या जोडीस अनेकवार कर्म पाहणे आणि दक्षता यांना स्थान दिले आहे.

सुश्रुताचार्यांनी तर सूत्रस्थानाचा नववा अध्याय योग्येस, म्हणजे सरावास वाहिला. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर. भेदनाचा पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामडी पिशव्यांवर. वेधनाचा मृत पशूच्या सिरांवर आणि कमळाच्या देठांवर. सीवनाचा वस्त्राच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. बंधनाचा मनुष्याकृती पुतळ्यावर आणि बस्तीचा पाण्याने भरलेल्या घटाच्या छिद्रावर व दुध्याच्या मुखावर करावा, असे ते सांगतात. आज ज्यास अनुकरणाधिष्ठित प्रशिक्षण म्हणतात, ते याहून तत्त्वतः निराळे नाही. शास्त्र खूप ऐकलेला, परंतु योग्या न केलेला मनुष्य कर्मास अयोग्य, हा त्यांचा अभिप्राय आहे.

या कसोटीवर आपले शिक्षण कोठे आहे? वाराणसीचे किशोर पटवर्धन व सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात आयुर्वेद पदवीधरांस मूलभूत चिकित्साकौशल्यांचा मिळणारा प्रत्यक्ष अनुभव अपुरा असल्याचे आढळले. त्यानंतर २०२१ साली राष्ट्रीय आयोग आला आणि क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू होऊ लागला, हे स्वागतार्ह आहे. परंतु जे आधीच पदवी घेऊन गावोगावी बसले आहेत, त्यांच्यासाठी उत्तरदायित्व संघटनांचेच.

आपण काय करू शकतो

हा प्रश्न केवळ आपल्या व्यासंगाचा नाही. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आपले अनेक तरुण पदवीधर २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करू लागले. आशा कार्यकर्तीने बाळाचा धोका ओळखला की नाही, हे पाहण्याचे काम आता त्यांच्याकडे आहे. म्हणजे आपण केवळ शिकणारे उरलेलो नाही. शिकविणारेही झालो आहोत. आपली पद्धती चुकली, तर तिची किंमत ज्यांनी आपल्यावर भरवसा ठेवला, त्या कुटुंबांना मोजावी लागते. म्हणून काही सूचना मांडतो.

१. एका दिवसात सहा विषय घेण्याऐवजी एकच विषय घ्यावा आणि तो महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठकांत पूर्ण करावा.

२. व्याख्यान वीस मिनिटांचे असावे. उरलेला वेळ सभासदांनी आणलेल्या रुग्णवृत्तांस द्यावा. न उतरलेल्या ज्वराचे वृत्त यशस्वी वृत्ताहून अधिक शिकविते.

३. प्रत्येक बैठकीचा आरंभ मागील विषयावरील पाच प्रश्नांनी करावा. उत्तरे गुणांसाठी नव्हेत, आठवून पाहण्यासाठी लिहावीत.

४. बस्ती, अग्निकर्म, रक्तमोक्षण, नवजात पुनरुज्जीवन यांपैकी जे कर्म शिकवायचे, ते प्रत्येकाच्या हातून करवून घ्यावे. घट आणि दुध्या यांस खर्च नाही.

५. नाडीपरीक्षेसारख्या विषयात दोन वैद्यांनी एकाच रुग्णाची परीक्षा स्वतंत्रपणे करून निष्कर्ष ताडून पाहावेत. मतैक्य किती, हे कळल्यावाचून प्रशिक्षणाचा परिणाम कळणार नाही.

६. भ्रमणध्वनीवरील गटाचा उपयोग शुभेच्छांपेक्षा साप्ताहिक रुग्णचर्चेसाठी करावा. रुग्णाची ओळख मात्र कटाक्षाने गुप्त ठेवावी.

७. तीन महिन्यांनंतर प्रत्येकाने व्यवहारात काय बदलले, याची नोंद द्यावी. प्रमाणपत्र त्यानंतरच द्यावे.

यांतील एकाही सूचनेस मोठा निधी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि आपले काम मोजू देण्याची तयारी. वढूच्या परिसरात गेली अनेक वर्षे क्षेत्रकर्मी घरोघर जाऊन जन्म-मृत्यूच्या नोंदी घेत आहेत. हे काम संथ आहे, त्यात टाळ्या नाहीत. परंतु त्याशिवाय कोणत्या उपायाने माणसे वाचली, हे सांगता येत नाही. आपल्या संघटनेच्या पुढील परिसंवादाची आखणी करताना वैद्यबंधू-भगिनींनी एवढेच करावे : पत्रिकेवर वक्त्यांची नावे लिहिण्यापूर्वी, या दिवसानंतर आपल्या रुग्णाच्या बाबतीत कोणती एक गोष्ट निराळी घडावी, ते वाक्य प्रथम लिहावे. उरलेला कार्यक्रम त्या वाक्यातून आखावा.